पानांच्या अर्कांची नोंदवही: डीपीपीएच ते एम्स

६ जानेवारी

चार झाडं नक्की झाली: तुळस, अडुळसा, शेवगा आणि कडुनिंब. गुळवेल यादीत होती, पण तिचा औषधी वापर मुख्यतः खोडाचा आणि आपला प्रश्न पानांचा, म्हणून वगळली. प्रश्न फळ्यावर लिहून ठेवलाय: परीक्षानळीत जो अर्क मुक्त मूलकांना (सुट्या इलेक्ट्रॉनमुळे चटकन कुणाशीही भिडणाऱ्या रेणूंना) गप्प करतो, तोच डीएनएलाही उत्परिवर्तनापासून वाचवतो का? मूलकांसाठी डीपीपीएच चाचणी, उत्परिवर्तनासाठी जिवाणूंवरची एम्स चाचणी. मॅडमच्या मते बरेच लेख या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ धरूनच सुरू होतात. आपण ते धरायचं नाही.

प्रत्येक झाडाची फुलासकट फांदी दाबून हर्बेरियम शीट केली आणि वनस्पतिशास्त्राच्या तज्ज्ञांकडून ओळख पक्की करून घेतली. कडुनिंबाच्या बाबतीत ही खबरदारी हवीच, कारण बकाणनिंबाशी गल्लत सहज होते. कडुनिंबाचं पान एकदाच पिच्छाकृती, मधल्या शिरेवर थेट पर्णिका. बकाणाचं पान दोनतीनदा विभागलेलं. पावडर झाल्यावर हा फरक कुणालाच सांगता येत नाही.

९ जानेवारी

पानं धुऊन, पाणी टिपून सावलीत पसरली. ओव्हनचा मोह टाळला. तापमान फार चढलं की उडनशील घटक जातात, आणि अर्धवट सुकलेल्या पानात पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) फिनॉल्स, म्हणजे पानातली मूलकं टिपणारी संयुगं, काळी करत बसतं. म्हणून थर पातळ, हवा खेळती, आणि दोन वजनांत फरक येईनासा होईपर्यंत वाट.

१५ जानेवारी

अर्क काढायला सुरुवात. मिथेनॉलचा, ७० टक्के इथेनॉलचा आणि पाण्याचा, असे तीन. सॉक्सलेट ठेवलं नाही. गरम द्रावकात तासन्‌तास पावडर फिरवण्यापेक्षा शेकरवर थंड भिजवण बरी, उतारा (निघालेला अर्क) कमी आला तरी. गाळून रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशांखाली सुकवलं. मिथेनॉलचे चारही अर्क गडद हिरवे आणि चिकट. शेवग्याचा पाण्याचा अर्क तपकिरी आणि हवेतली ओल लगेच ओढणारा.

उताऱ्याची टक्केवारी प्रत्येक बाटलीवर लिहिली आहे. पुढे फिनॉल्सचा आकडा ‘प्रति ग्रॅम सुका अर्क’ द्यायचा की ‘प्रति ग्रॅम सुकं पान’, यावर क्रमवारी उलटीसुलटी होऊ शकते. अर्कात फिनॉल्स भरपूर पण अर्कच जेमतेम निघाला, तर पानाच्या हिशेबात ते झाड मागे पडतं. दोन्ही आकडे द्यायचे ठरलं.

उत्परिवर्तकासह करायच्या प्लेट्ससाठी जोडीदाराने बाटल्यांवर नावांऐवजी क, ख, ग, घ लिहून किल्ली स्वतःकडे ठेवली. कॉलनी मोजताना हात नकळत झुकतो, म्हणून ही सोय.

२० जानेवारी

फोलिन-सिओकॅल्टू. गॅलिक आम्लाची प्रमाणरेषा सरळ आली, निळा रंग ७६५ नॅनोमीटरला वाचला. या चाचणीला सगळे ‘एकूण फिनॉल्स’ म्हणतात, पण अभिकर्मकाला फिनॉल ओळखता येत नाही. जे काही त्याला इलेक्ट्रॉन देईल त्याचा तो निळा रंग करतो. व्हिटॅमिन सी देतं, काही शर्करा आणि प्रथिनंही देतात. पाण्याच्या अर्कांचा आकडा म्हणून थोडा फुगलेलाच समजायचा.

फ्लॅव्होनॉइड्ससाठी (फिनॉल्सचाच एक गट) ॲल्युमिनिअम क्लोराइड, प्रमाण म्हणून क्वेर्सेटिन, ४१५ नॅनोमीटर. इथे हरितद्रव्याची अडचण आहे: त्याचाही एक मोठा शोषणपट्टा ४३० च्या आसपास असतो. प्रत्येक अर्काचा ॲल्युमिनिअम क्लोराइडविना वेगळा ब्लँक (तुलनेचा नमुना) लावून रीडिंग वजा केलं. तो न लावता मिथेनॉल अर्कांची रीडिंग वर जातात आणि हिरवेपणाच फ्लॅव्होनॉइड म्हणून मोजला जातो.

२३ जानेवारी

डीपीपीएच. हे स्वतःच एक टिकाऊ मुक्त मूलक; अर्काने ते संपवलं की जांभळा रंग जाऊन पिवळा होतो. ब्लॉइसने १९५८ मध्ये मांडलेली पद्धत, आणि इतकी सोपी की त्यामुळेच तिचा भरमसाट वापर होतो. रेणुभार ३९४.३, म्हणजे ०.१ मिलिमोलर द्रावणाच्या १०० मिलिलिटरला ३.९४ मिलिग्रॅम. मिथेनॉलमध्ये गर्द जांभळं होतं, ५१७ नॅनोमीटरला सर्वाधिक शोषण. बाटलीला फॉइल गुंडाळली. ३ मिली डीपीपीएचमध्ये १ मिली अर्क, अंधारात ३० मिनिटं.

आधी व्हिटॅमिन सी लावून चाचणीचीच चाचणी घेतली. हिशेब असा: मिसळल्यावर डीपीपीएचची संहती ०.०७५ मिलिमोलर उरते. त्यातला निम्मा संपवायचा म्हणजे ३७.५ मायक्रोमोलर. व्हिटॅमिन सीचा एक रेणू दोन डीपीपीएच संपवतो, म्हणून लागणार १८.७५ मायक्रोमोलर. १७६.१ या रेणुभाराने गुणलं की दर मिलीला साधारण ३.३ मायक्रोग्रॅम. आपलं आयसी ५० (निम्मा डीपीपीएच संपवणारी संहती) त्याच्या जवळपास आलं, तेव्हा कुठे अर्कांना हात लावला.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. डीपीपीएचची संहती दुप्पट घेतली तर आयसी ५० सुद्धा दुप्पट. मग एका लेखातला आकडा दुसऱ्या लेखातल्या आकड्याशेजारी ठेवून ‘आमचं पान सरस’ म्हणण्याला काय अर्थ? आपण आयसी ५० देऊ, पण सोबत त्याच दिवशीच्या व्हिटॅमिन सीशी तुलना देऊ. व्हिटॅमिन सीचं द्रावण दर वेळी ताजं. ते स्वतःच हवेत ऑक्सिडाइज होतं.

निकाल: तुळशीचे इथेनॉल आणि मिथेनॉल अर्क सगळ्यांच्या पुढे, क्यूव्हेट (मोजणीची छोटी नळी) बघता बघता पिवळी. शेवगा त्यामागे. कडुनिंब मध्यम. अडुळसा फारच सुस्त, ३० मिनिटांनंतरही जांभळट छटा टिकून. त्याचा नावाजलेला घटक व्हॅसिसिन हा अल्कलॉइड आहे, फिनॉल नव्हे, त्यामुळे फार नवल वाटलं नाही.

२७ जानेवारी

एबीटीएस आणि फ्रॅप, अँटिऑक्सिडंट ताकद मोजणाऱ्या आणखी दोन चाचण्या. एबीटीएस ७ मिलिमोलर, पोटॅशिअम परसल्फेट २.४५ मिलिमोलर, रात्रभर अंधारात. सकाळी निळं-हिरवं द्रावण ७३४ नॅनोमीटरला ०.७० येईपर्यंत विरळ केलं. या तरंगलांबीला हरितद्रव्याची ढवळाढवळ कमी, म्हणून हिरव्या अर्कांना ही चाचणी मानवते.

फ्रॅपची क्रमवारीही तीच: तुळस, शेवगा, कडुनिंब, अडुळसा. पण फ्रॅप चालते ३.६ पीएचला, आणि जिवंत पेशीतलं पेशीद्रव्य इतकं आम्लधर्मी नसतं. तीन चाचण्या एकच क्रम सांगतात याचा आनंद बेतानेच करायला हवा. तिन्ही मुळात एकच विचारतात, इलेक्ट्रॉन किती सहज देतोस.

३ फेब्रुवारी

एम्स चाचणीची तयारी. ब्रूस एम्स यांनी १९७० च्या दशकात बर्कलीत विकसित केलेली ही चाचणी. साल्मोनेला टायफीम्युरियम या जिवाणूच्या या वाणांना हिस्टिडिन हे अमिनो आम्ल स्वतः बनवता येत नाही, कारण संबंधित जनुकात आधीच बिघाड करून ठेवलेला आहे. हिस्टिडिन जवळजवळ नसलेल्या माध्यमावर ते वाढत नाहीत. ज्या जिवाणूत नवं उत्परिवर्तन होऊन तो बिघाड उलटतो, तोच कॉलनी करतो. कॉलनी मोजा, उत्परिवर्तनं मोजली.

आपल्याकडे तीन वाण. टीए ९८ मध्ये वाचनचौकट सरकलेली (डीएनएची अक्षरं, म्हणजे क्षारक, कमीजास्त झाल्याने), टीए १०० मध्ये एक क्षारक बदललेला, आणि टीए १०२ मध्ये बिघाडाची जागा एटी या क्षारकजोडीवर, म्हणून ऑक्सिडेशनने होणारी इजा तो चांगली पकडतो.

गोठवलेल्या साठ्यातून वाढवून जनुकीय खुणा तपासल्या. क्रिस्टल व्हायोलेट या रंगाच्या चकतीभोवती स्वच्छ वलय, म्हणजे बाहेरचं लिपोपॉलिसॅकराइड कवच अपुरं आहे आणि मोठे रेणू आत शिरू शकतात. अर्धी प्लेट झाकून अतिनील प्रकाश दिला: टीए ९८ आणि टीए १०० उघड्या बाजूला मेले, कारण त्यांचं डीएनए दुरुस्तीचं एक जनुक काढलेलं आहे, टीए १०२ मध्ये ते शाबूत, तो टिकला. ॲम्पिसिलिनवर तिन्ही वाढले, टेट्रासायक्लिनवर फक्त टीए १०२. सगळं जुळलं.

वलयाची गोष्ट इथे ठळक लिहून ठेवतो. हे जिवाणू मुद्दाम कवच काढून हळवे केलेले आहेत. रानटी साल्मोनेला ज्या अर्काला दाद देणार नाही, त्याने हे मरू शकतात.

१० फेब्रुवारी

पहिल्या प्लेट्स. अर्क डीएमएसओ या द्रावकात, प्लेटला ०.१ मिलीपेक्षा जास्त नाही. टॉप अगार (प्लेटवर ओतायचा जेलीसारखा पातळ थर) ४५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये, २ मिलीच्या नळ्या. त्यात रात्रभर वाढवलेलं कल्चर ०.१ मिली, अर्क, ०.५ मिली बफर. एकदाच व्होर्टेक्स आणि लगेच ओतायचं. मागेपुढे केलं तर अगार नळीतच धरतो; गरम जास्त असला तर जिवाणू भाजतात. मग ३७ अंश, ४८ तास.

टॉप अगारमध्ये किंचित हिस्टिडिन आणि बायोटिन असतं. नव्याने हात लावणाऱ्याला हे उलटं वाटतं. पण उत्परिवर्तन पक्कं व्हायला पेशीला काही वेळा विभागावं लागतं, आणि ती वाटचाल करायला दिलेली ही शिदोरी. ती संपेपर्यंत सगळेच थोडेथोडे वाढतात, त्याचा फिकट धुकट थर म्हणजे लॉन. आमच्याकडे कॉलनी मोजण्याआधी लॉन बघायचा नियम आहे: प्लेट उजेडाकडे धरायची, सूक्ष्मदर्शकाखाली कमी भिंगातून बघायची, मगच काउंटर हातात घ्यायचा.

आज उत्परिवर्तक (उत्परिवर्तन घडवणारा पदार्थ) वापरलाच नाही, नुसते अर्क. अर्क स्वतः उत्परिवर्तक असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. क्वेर्सेटिनचं उदाहरण डोक्यात आहे: नामांकित अँटिऑक्सिडंट, तरीही टीए ९८ वर एम्स चाचणीत उघड उत्परिवर्तक, हे १९७० च्या दशकापासून ठाऊक आहे. पानात तो बहुधा साखरेला जोडलेल्या रूपात असतो, आणि तसा असताना ही करामत सहसा करत नाही. साखर तुटली की करतो.

१२ फेब्रुवारी

मोजणी. सर्व मिथेनॉल अर्क स्वयंभू उत्परिवर्तनांच्या पातळीवरच. शेवग्याचा पाण्याचा अर्क मात्र टीए ९८ आणि टीए १०० दोन्हींवर कॉलनी वाढवतो. दुपटीला पोचत नाही, पण वाढ नक्की आहे. उजेडाकडे धरल्यावर लॉन नेहमीपेक्षा दाट दिसला, आणि तिथेच उत्तराचा धागा मिळाला. क्वेर्सेटिनसारखं काही असतं तर टीए ९८ वेगळा उठून दिसला असता आणि लॉन नेहमीसारखाच राहिला असता. दोन्ही वाणांत सारखी वाढ आणि दाट लॉन म्हणजे अर्कातूनच मोकळं हिस्टिडिन आलंय. शेवग्याचं पान प्रथिनांनी भरलेलं, तेव्हा अमिनो आम्लं पाण्यात उतरणारच. या अर्काला धुण्याची पद्धत लावायची: जिवाणू द्रवात अर्कासोबत ठेवायचे, सेंट्रिफ्यूज करून धुवायचे, मग प्लेट.

१८ फेब्रुवारी

उत्परिवर्तकासह पहिली खेप. टीए १०० ला सोडिअम अझाइड, टीए ९८ ला २-नायट्रोफ्लुओरीन. दोन्हींना एस९ (काही पदार्थांना सक्रिय करणारा, यकृताच्या विकरांचा अर्क) लागत नाही. अझाइडबद्दल सूचना दारावर लावली: सिंकमध्ये ओतायचं नाही, आम्लाजवळ न्यायचं नाही. आम्लाशी विषारी हायड्राझोइक आम्ल होतं, आणि नळाच्या तांब्या-शिशाशी स्फोटक क्षार.

रोधाचं, म्हणजे अर्काने उत्परिवर्तनं किती रोखली याचं, सूत्र नेहमीचं. उत्परिवर्तकाच्या आणि अर्क-अधिक-उत्परिवर्तकाच्या, दोन्ही मोजण्यांतून स्वयंभू कॉलनी वजा करायच्या आणि किती टक्के घट झाली ते काढायचं. २५ टक्क्यांखाली नगण्य, २५ ते ४० मध्यम, ४० च्या वर प्रबळ, असा प्रघात आहे.

२० फेब्रुवारी

‘ग’ ने धमाल केली. टीए १००: नुसत्या अझाइडला ४१२ कॉलनी, स्वयंभू १२८, आणि ‘ग’ च्या सर्वांत मोठ्या मात्रेला अझाइडसह ९६. सूत्रात घातलं तर रोध १११ टक्के. जोडीदार खूश. पण शंभराच्या वरचा रोध म्हणजे अझाइडची करणी तर पुसलीच, वर आपोआप होणारी उत्परिवर्तनंही थांबवली. असं सहसा होत नाही. प्लेट उजेडाकडे धरली. लॉन विटका, जागोजाग टक्कल पडलेलं, आणि मध्ये सुईच्या टोकाएवढे ठिपके. ते ठिपके उत्परिवर्तित नसतात. बहुतेक जिवाणू मेल्यावर उरलेल्यांच्या वाट्याला हिस्टिडिन जास्त येतं आणि तेवढ्यावर त्यांच्या बारीक वसाहती होतात. ९६ मध्ये तेही असणार.

किल्ली उघडली नव्हती, पण ‘ग’ म्हणजे कडुनिंब हे वासावरूनच कळत होतं. जिवाणू मारणारं पान, आणि कवच काढलेले जिवाणू.

२२ फेब्रुवारी

‘ग’ ची जीवक्षमता चाचणी. कल्चर दहा लाख पटींनी विरळ केलं, हिस्टिडिन भरपूर असलेल्या प्लेटवर अर्कासह आणि अर्काविना. वरच्या दोन मात्रांना कॉलनी निम्म्याहून कमी. त्या मात्रा बाद. खालच्या मात्रांना जिवाणू धडधाकट राहिले, पण तिथे रोध २५ टक्क्यांच्या आतच. म्हणजे कडुनिंबाचं ‘१११ टक्के’ हे संरक्षण नसून कत्तल होती. आता प्रत्येक अर्काच्या प्रत्येक मात्रेला ही चाचणी सक्तीची.

१ मार्च

आता अडुळसा, ज्याच्याकडून कुणाला काही अपेक्षा नव्हती. टीए ९८ वर २-नायट्रोफ्लुओरीनविरुद्ध त्याचा मिथेनॉल अर्क प्रबळ गटात. लॉन नेहमीसारखा, जीवक्षमता चाचणी स्वच्छ. डीपीपीएचमध्ये शेवटचा, इथे पुढे. पाण्याच्या अर्कात मात्र काहीच नाही.

मॅडमनी बाटलीकडे बोट दाखवलं: “हिरवं किती आहे ते बघितलंस का?” क्लोरोफिलिन, म्हणजे हरितद्रव्याचं पाण्यात विरघळणारं रूप, सपाट वलयांच्या उत्परिवर्तकांना चिकटून त्यांची जोडी बांधतं, हे चांगलं माहीत आहे. अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाबाबत तर माणसांवरही चाचणी झाली आहे: चीनमधल्या चिदोंग इथे १८० जणांना चार महिने रोज तीनदा १०० मिलिग्रॅम क्लोरोफिलिन किंवा औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी दिली, क्लोरोफिलिनवाल्यांच्या लघवीत अफ्लाटॉक्सिनने डीएनएला केलेल्या इजेची खूण ५५ टक्के कमी सापडली, असा निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. २-नायट्रोफ्लुओरीनही सपाट वलयांचंच. मग अडुळशाचं श्रेय अडुळशाला द्यायचं की कुठल्याही हिरव्या पानाला?

७ मार्च

अडुळशाचा अर्क हेक्झेनने वारंवार धुतला. हिरवा थर बराच वर गेला, खालचा अर्क पिवळट. तोच डोस, तोच वाण: रोध नगण्य गटात उतरला. हेक्झेनचा थर सुकवून वेगळा लावला, तर त्यात रोध दिसला. शेजारी क्लोरोफिलिनची प्लेट ठेवली होती, तीही तशीच वागली. हेक्झेनमध्ये हरितद्रव्यासोबत मेण आणि कॅरोटिनॉइड्सही जातात, त्यामुळे शंभर टक्के नाव घेता येत नाही, पण व्हॅसिसिनचं नाव तर नक्कीच घेता येत नाही.

१४ मार्च

तुळस. डीपीपीएचची राणी, पण सोडिअम अझाइडसमोर जेमतेम मध्यम. आधी खटकलं, मग अझाइडची रीत आठवली. अझाइड स्वतः डीएनएला इजा करत नाही. जिवाणूचंच एक विकर त्यातून अझिडोॲलॅनिन बनवतं आणि इजा तिथून सुरू होते. या वाटेवर मुक्त मूलकाचा मुख्य वाटा नाही, मग त्यांना टिपणारा इथे काय टिपणार?

म्हणून टीए १०२ आणि टर्शरी-ब्युटाइल हायड्रोपेरॉक्साइड, ऑक्सिडेशनने इजा करणारा उत्परिवर्तक. इथे तुळशीचा इथेनॉल अर्क प्रबळ गटात, मात्रेनुसार रोध वाढतो, लॉन भरलेला. शेवग्याचा धुण्याच्या पद्धतीने केलेला अर्कही बरा. अडुळसा शेवटी. अँटिऑक्सिडंटची क्रमवारी या एका वाणाच्या, या एका उत्परिवर्तकाच्या बाबतीत खरी ठरली.

१९ मार्च

तुळशीचं काम नेमकं कुठे होतं ते बघायला तीन रीती लावल्या. अर्क आणि उत्परिवर्तक आधी एकत्र ठेवून मग जिवाणू, तिन्ही एकदम, आणि जिवाणूंना इजा करून, धुऊन, मग अर्क. जपानच्या राष्ट्रीय आनुवंशिकी संस्थेतल्या कादांनी यातले दोन प्रकार वेगळे केले होते: बाहेरच उत्परिवर्तकाला निकामी करणारे, आणि पेशीच्या आत दुरुस्तीवर परिणाम करणारे. तुळशीचा रोध पहिल्या रीतीत भक्कम, दुसरीत कमी, तिसरीत जवळजवळ नाही. म्हणजे पेरॉक्साइड पेशीत पोचण्याआधीच ती त्याला गाठते. इजा होऊन गेल्यावर ती काही करते, याचा पुरावा आपल्या प्लेट्सवर नाही.

२४ मार्च

अहवालाचा मसुदा मॅडमकडे गेला आणि लाल होऊन आला. ‘कर्करोगप्रतिबंधक’ हा शब्द दोन ठिकाणी खोडला, शेजारी लिहिलं, “साल्मोनेलाला कर्करोग होत नाही.” आयसी ५० च्या तक्त्यात डीपीपीएचची अंतिम संहती लिहायला लावली. कडुनिंबाची बाद झालेली मात्रा तक्त्यातून काढू नका म्हणाल्या: आकडा तसाच ठेवा, शेजारच्या रकान्यात लॉनची अवस्था आणि जीवक्षमता द्या.

एस९ ची खेप पुढच्या आठवड्यात. तेव्हा बेंझोपायरीन लावायचं, जे यकृताच्या विकरांनी सक्रिय झाल्याखेरीज काही करत नाही. त्यात रोध दिसला तर अर्काने डीएनए वाचवला की नुसती ती विकरं अडवली, हे वेगळं काढावं लागेल. त्यासाठी सक्रिय रूपातलं, एस९ न लागणारं संयुग तुलनेला मागवलं आहे. हेक्झेनने धुतलेले चारही अर्क तयार आहेत. अझाइडचा टाकाऊ डबा भरत आलाय, उद्या सुरक्षा विभागाकडे द्यायचा.